नव्या पाण्यातला पहिला मासा

सासूबाई गेल्या त्या वर्षी दिवाळी उरकली आणि आम्ही बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कशेळ्याजवळच्या गावातून खालापूरला आमच्या फ्लॅटवर आणलं. आणलं असंच म्हणायला हवं, कारण ते स्वतःहून येणाऱ्यांतले नव्हते. मोरीत चक्कर येऊन पडले होते. शेजारीण विरजण मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तसेच पडून राहिले असते कोण जाणे. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्यांच्या रक्तातल्या साखरेचे रिपोर्ट माझ्याच हातून जातात, आणि ते चांगले नव्हते. त्यामुळे नवऱ्याला काळजी वाटत होती आणि मला सरळसरळ भीती. पुन्हा असेच पडले आणि त्या दिवशी शेजारणीच्या घरात विरजण असलं तर?

जीपमधून उतरले ते एक कपड्यांची पिशवी आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळलेल्या दोन बांबूच्या काठ्या घेऊन. आमची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते, तिची खोली त्यांना दिली. गुलाबी भिंती, छतावर अंधारात चमकणाऱ्या चांदण्या, आणि त्याखाली बंडी घालून बसलेले बाबा. कपाटातला एक कप्पा मी रिकामा करून ठेवला होता, तो रिकामाच राहिला. पिशवी पलंगाखाली गेली. रोज लागेल तेवढा एक सदरा त्यातून बाहेर यायचा आणि धुऊन वाळला की पुन्हा तिथेच जायचा. एसटीची वाट बघत असल्यासारखे ते आमच्या घरात बसायचे.

जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला आणि मिटवूनही टाकला. शिमग्यापर्यंत बघतो म्हणाले. मागच्या धरणाचं पाणी आपल्याला जमलं तर राहीन, नाही जमलं तर गावाला माझं घर आहे. एवढं बोलून त्यांनी भातावर ताक ओतलं.

बाबा गळाने मासे धरणारे. शेती केली, भात लावला, कापला, झोडला, पण त्यांचा खरा जीव पेज नदीच्या काठावर. जाळ्याचं त्यांना कौतुक नाही. जाळ्यात मासा सापडतो, गळाला तो आपण होऊन येतो, असं ते म्हणतात आणि त्यातला फरक आपल्याला कळलाय का हे बघत राहतात. दोन काठ्यांपैकी एक सासूबाईंची होती. त्या दोघांनी जन्मभर शेजारी बसून मासे धरले. ज्या पाण्याबद्दल ते बोलत होते ते आमच्या सोसायटीमागे, शेतं ओलांडली की लागतं. मातीचा बांध घातलेलं जुनं धरण, पलीकडे माथेरानचा डोंगर. गावातले लोक त्याला धरण म्हणतात. आमच्या सोसायटीतले लोक लेक म्हणतात आणि तिथे फोटो काढायला जातात.

भांडी आवरताना नवऱ्याने मला त्यांच्याकडची रीत सांगितली, तेव्हा बाबांच्या बोलण्याचा अर्थ लागला. नव्या पाण्यावर गळ टाकला की पहिल्या माशाचं काय करायचं हे ठरलेलं असतं. माणूस पाहुणा असेल तर तो मासा घरी नेतो, कालवण करून खातो, आणि त्या पाण्याशी त्याचा संबंध तिथेच संपतो. जो त्या पाण्यावर राहणार असेल तो पहिला मासा सोडतो. बाबा पाहुणे म्हणून पुष्कळ तळ्यांवर, नद्यांवर गेले आणि प्रत्येक ठिकाणचा पहिला मासा पिशवीत घालून घेऊन आले. सोडला तो एकदाच, अगदी लहानपणी, पेजेत.

म्हणजे यांनी मासा सोडला तर राहणार आणि घरी आणला तर जाणार, असं ना, मी विचारलं. नवरा म्हणाला, असंच दिसतंय. मला हसूही आलं आणि रागही आला. गरम पाणी, लिफ्ट, हाकेच्या अंतरावर डॉक्टर, दोन वेळचं वाढलेलं ताट, हे सगळं राहिलं बाजूला आणि आमच्या घरचा निर्णय म्हणे मासा घेणार.

दुसऱ्या दिवशी काठ्या घेऊन निघतील असं मला वाटलं होतं. छे. काठ्या दाराआड उभ्या राहिल्या आणि बाबा रिकाम्या हातांनी गेले. पहिले कित्येक दिवस त्यांनी नुसती चौकशी केली. आधी गावात जाऊन, धरणात माशांचं बीज कोण सोडतं, गळ टाकलेला चालतो का, हे विचारून आले. गळ चालतो, जाळं नाही, असं उत्तर मिळालं तेव्हा फार खूश झाले. मग म्हशी कुठून पाण्यात उतरतात, बायका धुणं कुठे धुतात, पोरं उड्या कुठे मारतात आणि कुठे मारायला घाबरतात, मे महिन्यात पाणी कुठवर मागे जातं, बांध घालण्याआधी ओढा कुठून वाहायचा. हे सगळं ते संध्याकाळी मला सांगायचे आणि मी कांदा चिरत ऐकायचे. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी या घराची चौकशी केली होती तेव्हा एवढी केली नव्हती, असं मी एकदा म्हणालेसुद्धा. बाबा म्हणाले, करायला पायजे व्हती.

आणि एवढ्या चौकशीनंतर हा माणूस चुकला, ते अशा ठिकाणी, की पेजेकाठच्या माणसाशिवाय तिथे कुणी चुकणार नाही.

पेजेला डोंगराखालच्या वीजघराचं पाणी येतं. वीजघर चालू झालं की नदी चढते, थांबलं की उतरते, उन्हाळ्यातसुद्धा. तिथल्या गळवाल्यांचं सगळं गणित या चढण्याउतरण्यावर. पाणी उठलं की मासा चरायला निघतो, तेव्हा गळ टाकायचा. बाबांनी धरणाच्या कडेला एक काटकी रोवली, तिला चिंधी बांधली आणि पाणी चिंधीला कधी लागतं ते बघत बसले. सकाळी बसले ते दुपारी जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी लॅबमधून येताना वाट वाकडी करून बांधावर गेले, तर काटकी कोरडी आणि बाबा तिच्यासमोर उकिडवे. कसली वाट बघताय म्हणून विचारलं. म्हणाले, पानी उठायची.

मी सांगितलं, बाबा, इथे वीजघर नाही. हे पाणी उठत नाही. पाऊस पडला की भरतं आणि मग हळूहळू कमी होतं, बस.

त्यांना हे माहीत नसेल असं नाही. पाहुणे म्हणून ते कितीतरी तळ्यांवर बसले होते. पण ते एका दिवसाचं बसणं. इथे राहायच्या विचाराने बसल्यावर त्यांच्या अंगातली पेज जागी झाली असावी. ओशाळून त्यांनी काटकी उपटली. वाटेत एवढंच म्हणाले, "मेलेलं पानी हाय गं हे. याच्यासंगं काय करायचं मानसानं?"

घरी आल्यावर त्यांच्या खोलीत पलंगाखालून पिशवी ओढल्याचा आवाज आला. मी चहा टाकत होते. माझ्या डोळ्यांसमोर गावची मोरी आली, ओली फरशी आली. खोलीच्या दारात जाऊन मी तोंडाला येईल ते बोलायला लागले, त्यांना थांबवायला काहीतरी बोलायचं एवढंच डोक्यात होतं. मी म्हणाले, मेलेलं नाहीये ते. मी रोज बघते ना खिडकीतून. सकाळी पानं, कचरा, फेस, सगळं बांधाला येऊन लागलेलं असतं. संध्याकाळी बघावं तर बांध स्वच्छ, आणि सगळं पलीकडच्या काठाला. मेलेलं पाणी असं जा-ये करेल का?

बाबांच्या हातात सदरा होता. तो तसाच धरून त्यांनी मला दोनदा विचारलं, सकाळी नक्की बांधाकडे ना? मग सदरा पिशवीत गेला, पिशवी पलंगाखाली गेली आणि बाबा म्हणाले, "म्हंजी हालतंय. उद्याला कुरमुरे हायेत का घरात?"

त्या रविवारी मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर धरणावर गेले, आणि इतकी वर्षं जे खिडकीतून पाहत होते ते मी पाहिलंच नव्हतं हे मला कळलं. आम्ही मूठमूठ कुरमुरे पाण्यावर टाकले. सकाळी घाटाकडून गार वारा उतरत होता आणि कुरमुरे संथपणे, कुणी हाताने ओढून न्यावेत तसे, बांधाकडे निघाले. सगळे मात्र नाहीत. काही मध्येच वळले, एका जागी गोल फिरले आणि तिथेच रेंगाळले. बाबांनी त्या जागेवर नजर लावली. ऊन चढल्यावर वारा पडला. दुपारनंतर पनवेलकडून, खाडीकडून वारा सुटला आणि तेच सगळं उलट्या दिशेने निघालं. सगळं धरण दिवसातून एकदा कूस बदलत होतं. आमच्या घरामागे इतकी मोठी गोष्ट रोज होत होती आणि मी त्या वेळी मिक्सर लावत होते.

त्यानंतर माझा प्रत्येक रविवार धरणावर गेला. नवरा चेष्टा करायचा की बायको सासऱ्याबरोबर पळून जाते. त्याची फॅक्टरीची शिफ्ट असायची, आणि खरं सांगायचं तर मला तो तिथे नकोच होता.

तळ कसा शोधायचा ते बाबांनी मला दाखवलं. लांब तंगूस घ्यायचा, म्हणजे आपला नायलॉनचा दोरा. त्याच्या टोकाला शिशाचा गोळा. गोळ्याच्या बुडाला मेणबत्तीचं मेण चोळायचं. गोळा पाण्यात फेकायचा, तळाला टेकू द्यायचा आणि ओढून घ्यायचा. मेणाला जे चिकटून येईल ते खालचं. काळा गाळ, पिवळी माती, बारीक रेती, एकदा शिंपल्याचा चुरा. जागा बदलून बदलून त्यांनी हे इतक्या वेळा केलं की माझे खांदे दुखायला लागले. घरी आल्यावर ते मेणाचे तुकडे जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचे आणि सारखे इकडचे तिकडे करायचे. माझ्या लॅबमध्येही सॅम्पल इतकी जपून ठेवत नाहीत.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते त्यांच्या बोटाचं. गोळा परत ओढताना तंगूस त्यांच्या तर्जनीवरून सरकायचा आणि ते डोळे मिटून सांगत जायचे. गाळ हाय. गाळ. आता दगुड. आता उतरलं, खड्डा. मग मी तोच दोरा माझ्या बोटावर घेतला. काही कळेना. त्यांनी सांगितलं, दाबू नको, नुसतं ठेव. आणि एकदम मला माझं काम आठवलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर शीर दिसत नाही तेव्हा मी असंच बोट ठेवते, न दाबता, आणि कातडीखाली कुठेतरी तिचा लवचिक उठाव लागतो. पुन्हा बोट ठेवलं तर लागलं. मऊ, मऊ, मग खरखर, मग एकदम काहीच नाही, गोळा खाली गेला होता. पाण्याखाली जिथे कधी ऊन पोचलं नाही तिथला उतार माझ्या बोटाला कळला होता. मी ओरडून सांगितलं, बाबा, खड्डा. ते म्हणाले, हळू बोल, मासे काय बहिरे नायत.

तो खड्डा म्हणजे जुना ओढा होता. बांध घातला तेव्हा ओढा पाण्याखाली गेला, पण त्याचा मार्ग तिथेच होता, आणि गोल फिरणारे कुरमुरे नेमके त्याच्या वळणावर रेंगाळत होते.

थंडी वाढली. बाबा म्हणाले, थंडीत मासा तोंड उघडत नाही, आपल्याला घाई नाही. मला घाई होती. शिमगा जवळ येत होता. मी मनातल्या मनात त्या धरणाला विनवण्या करायला लागले होते, देवापुढेही मी इतकी केली नसेन. बाबांची मात्र नजर पक्ष्यांवर. पाणकावळा बुडी मारायचा तेव्हा बाबा आपला श्वास धरून बसायचे आणि तो वर येईपर्यंत सोडायचे नाहीत. लवकर आला तर पाणी उथळ, आपल्याला दम लागला तर खोल, असा त्यांचा हिशेब. मी दटावलं की या वयात असले खेळ नकोत. खंड्या कुठल्या फांदीवर रोज येऊन बसतो तेही त्यांना माहीत झालं. पाण्यावरचे बुडबुडे ओळखायला त्यांनी मला शिकवलं. एका ओळीत पुढे पुढे सरकणारे बारीक बुडबुडे म्हणजे मृगळ नाहीतर रोहू मासा गाळ उकरत चाललाय. एकच मोठा बुडबुडा म्हणजे काही नाही, गाळाचा ढेकर. हे शिकल्यापासून मला नुसतं पाणी दिसेनासंच झालं. कुठेही बघितलं तरी खाली कुणीतरी आहे असंच वाटायचं.

एकदा गावातल्या बाईकडून त्यांनी धरणातली चिलापी विकत घेतली, खायला नव्हे, पोट बघायला. माझ्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघांनी ते पोट उघडलं. हिरवं शेवाळ, आणि त्यात पांढरे कण. मी चष्मा लावून पाहिलं. शिजलेला भात होता. बायका धुण्याच्या दगडावर जेवणाची भांडीही घासतात, त्यातली शितं पाण्यात जातात. बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ओल्या हाताने. त्या दिवसापासून आमच्या घरात भात जास्त शिजायला लागला. शिळा भात, गिरणीवरचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि चवीला, हो चवीलाच म्हणायचे ते, भाजलेली मेथी. याचे गोळे करून बाबा रोज पहाटे फिरायला गेल्यासारखे जायचे आणि ओढ्याच्या वळणावर टाकून यायचे. गळ नाही, काठी नाही, नुसतं जेवण. माशांना आधी आपल्या हातची सवय व्हायला पायजे म्हणायचे. सोसायटीतल्या लोकांना वाटायचं काहीतरी व्रत आहे.

मला या माणसाचं अप्रूप वाटायला लागलं होतं. ज्या धरणाशी त्यांचं काही नातं नव्हतं त्याचा तळ, वारा, पाखरं, पोट, सगळं त्यांनी दोन-तीन महिन्यांत आपलंसं केलं होतं आणि अजून एक मासाही मागितला नव्हता. त्याच वेळी पिशवी पलंगाखालीच होती. झाडताना माझी केरसुणी रोज तिला लागायची. इतकं सगळं बघून, शिकून, एक मासा खाऊन हे जातील का? विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं. निर्णय मासा घेणार असंच ठरलं होतं ना, मग घेऊ दे, असं मी म्हणत होते.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी बाबा म्हणाले, आज. नवऱ्याला शिफ्टला जायचं होतं, पण जाण्याआधी त्याने खोबऱ्याचं वाटण करून ठेवलं. मासा मिळणार याची त्याला खात्री होती. तो घरी येणार की नाही हे त्याने विचारलं नाही, पण पाट्यावरचं काम त्याने जरा जास्तच जोरात केलं.

धरणावर धुकं होतं. डोंगर दिसत नव्हता, पलीकडचा काठही नाही, नुसतं पांढरं, आणि त्याखाली पाणी श्वास घेतल्यासारखं हलत होतं. बाबांनी चपला काढल्या, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग लुगड्याची पट्टी सोडली आणि एक काठी माझ्या हातात दिली. मुठीच्या जागी तिला लाल सुती दोरा गुंडाळलेला होता, हाताच्या घामाने काळपट झालेला. सासूबाईंची मूठ माझ्यापेक्षा लहान होती. मी म्हणाले, मला येत नाही. बाबा म्हणाले, "तिलाबी येत नव्हतं. बस."

काठीला चक्री नव्हती. टोकाला तंगूस बांधलेला, त्यावर जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा तरंगायला, खाली गळ आणि गळाला भातमेथीची गोळी. आमची सावली पाण्यावर पडणार नाही अशी जागा त्यांनी आधीच हेरली होती. ते माझ्यापासून चार हात लांब बसले. घाटाचा वारा होता. रबराचे दोन्ही तुकडे हळूहळू सरकत ओढ्याच्या वळणावर गेले आणि थांबले. जिथे थांबतील असं बाबांनी सांगितलं होतं तिथेच थांबले. त्यांनी हाताने ठेवले असते तरी इतके बरोबर ठेवता आले नसते.

बराच वेळ काही झालं नाही. धुकं वर जायला लागलं. मग माझ्या रबराशेजारून बारीक बुडबुड्यांची एक ओळ गेली. बाबांनी ती पाहिली, मला दिसलं की त्यांनी पाहिली, पण ते आपल्याच तुकड्याकडे बघत राहिले. माझा तुकडा एकदा थरथरला. पुन्हा. मग तो तिरका झाला आणि सावकाश, काहीच घाई नसल्यासारखा, पाण्याखाली निघून गेला.

मी काठी उचलली आणि खाली कुणीतरी माझा हात धरला. दुसऱ्या शब्दांत ते मला सांगता येत नाही. ओढ नव्हती ती, पकड होती. बांबू वाकला, तंगूस गुणगुणायला लागला. बाबा उठले, माझ्याजवळ आले, पण काठीला त्यांनी हात लावला नाही. सोडायला जादा दोरा नव्हता, म्हणजे मासा जिकडे जाईल तिकडे मी जायचं. तो बांधाकडे गेला, मी बांधाकडे गेले. तो आत वळला तशी मी पंजाबी ड्रेससकट गुडघाभर पाण्यात. बाबा काठावरून चालत होते आणि हळू आवाजात सांगत होते, जाऊ दे त्याला, जाऊ दे, आता थांबलाय, आता तू ये. माझे हात भरून आले होते आणि मी रडत होते की हसत होते ते मला आजही माहीत नाही. शेवटी तो कडेला आला. पाणी दुभंगलं आणि त्यातून तांबूस सोन्यासारखी एक पाठ वर आली.

रोहू होता. बाबांनी ओलं पोतं पसरून ठेवलं होतं, त्यावर त्याला घेतला, गळ सोडवला आणि पोत्याची दुसरी बाजू त्याच्यावर टाकून तो उथळ पाण्यात धरला. नुसतं तोंड आणि कल्ले दिसत होते. प्रत्येक खवल्याला वेगळी किनार होती. इतक्या दिवसांत त्याचं जेवण, त्याचा तळ, त्याची वाट मला माहीत झाली होती आणि आता तो समोर होता, कुणाचाच नसल्यासारखा, आणि त्याचा गोल डोळा माझ्याकडे होता की आभाळाकडे ते कळत नव्हतं. घरी खोबऱ्याचं वाटण तयार आहे हे आठवून मला शरम वाटली. बाबा मात्र काहीच करत नव्हते. सोडतही नव्हते, पिशवीही मागत नव्हते.

मी धीर करून विचारलं, आता?

"तुज्या गळाला लागलाय," बाबा म्हणाले. "तूच सांग. घरी न्यायचा का सोडायचा."

मी म्हणाले, बाबा, ते तर तुम्ही ठरवायचं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माशाकडेच बघत होते. "पानी मी बघितलं. पान्याचं काय नाय, पानी चांगलं हाय. घर तुजं हाय पोरी. तू सांग."

मला तेव्हा कळलं की दिवाळीपासून आम्ही त्यांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. साखर सांगितली, चक्कर सांगितली, एकटं राहणं बरं नाही म्हणून सांगितलं, डॉक्टर जवळ आहे म्हणून सांगितलं. राहा, आम्हाला तुम्ही हवे आहात, हे एकदाही कुणी म्हणालं नव्हतं. धरणाच्या इतक्या चौकशा करणाऱ्या माणसाला ही एकच गोष्ट विचारता आली नव्हती आणि तो आम्ही आपण होऊन म्हणायची वाट बघत, पिशवी रिकामी न करता, मुलीच्या गुलाबी खोलीत बसला होता. मी मूर्खासारखी माशाला नवस करत होते.

"सोडायचा," मी म्हणाले. "आणि हे मी तुमच्या साखरेमुळे सांगत नाहीये."

बाबांनी पोतं बाजूला केलं आणि मला खुणेने हात पुढे करायला सांगितलं. मी पाण्यात बसले. त्यांनी रोहू माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवला. तो तिथे थांबला, कल्ले उघडझाप करत, आणि त्याच्या पोटाखाली माझ्या बोटांना त्याचं जिवंतपण लागत होतं, शिरेसारखं, पण कितीतरी जास्त. मी दाबलं नाही, नुसते हात ठेवले. मग एकदम हातात काहीच राहिलं नाही. पाणी जरा हललं, वळणाच्या दिशेने गेलं आणि पुन्हा सारखं झालं.

ओल्या कपड्यांनीच मी नवऱ्याला फोन लावला. मासा मिळाला, रोहू, मोठा होता, असं सांगितलं. आणि सोडला, असंही सांगितलं. तिकडे मशीनचा आवाज येत होता.

मग त्याने विचारलं, "बाबांनी सोडला?"

"नाही," मी म्हणाले. "मी सोडला. त्यांनी मला विचारलं."

नवऱ्याने नाक ओढलं ते मला ऐकू आलं. बाबा काठावर बसून काठ्या पुसत होते. आधी सासूबाईंची पुसली, मग स्वतःची. मान वर न करता म्हणाले, "त्याला सांग गं, येताना गिरणीवरनं कोंडा आन म्हनावं. आपला संपलाय, उद्या सकाळच्याला लागंल."